निजलेल्यांच्या रकान्यात

पाद्री माझ्या आईवडिलांची नावं वाचत होता तेव्हा मी भिंतीतली चीर बघत होतो. दक्षिणेकडची, खिडकीच्या कमानीपासून खाली उतरणारी. बत्तीस वर्षांपूर्वी तिच्यावर मी काचेची एक पट्टी चिकटवली होती. चीर केसभर जरी रुंदावली तरी काच तडकायची, एवढीच युक्ती. तेवढ्यासाठी मी महिन्यातून एकदा या साबणकऱ्यांच्या चर्चमध्ये येतो. प्रार्थना करणाऱ्यांची इथं वानवा नाही; काच बघणारा मात्र मी एकटाच. त्या दिवशी पेन्टेकॉस्टच्या सणाआधीचा शनिवार होता, मृतांचा शनिवार, आणि मी ते साफ विसरलो होतो. आत पाय ठेवायला जागा नव्हती. लांब टेबलावर नवे कोरे वाडगे मांडलेले, वाडग्यांत चेरी, दूधभात, प्रत्येकात एक मेणबत्ती खोचलेली. उकडलेल्या गव्हाचा, मेणाचा आणि बायकांच्या घामाचा मिळून एकच वास. तरुण पाद्री चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन नावं वाचत होता, वाण्यासमोर सामानाची यादी वाचावी त्या चालीत. "हारालांबिये," तो म्हणाला. माझे कान उगीच टवकारले गेले. "फिलोफ्तेया." आणि मग श्वासही न घेता, "पाम्फिल."

काच शाबूत होती. हे मला नीट आठवतं, कारण त्यानंतर मी बराच वेळ काचेकडेच बघत राहिलो आणि पुढची नावं मला ऐकू आली नाहीत. आमच्याकडं आडनाव वाचत नाहीत, देवाला आडनावं ठाऊक असतात म्हणे. त्यामुळं एरवी कुणी कुणाला सापडत नाही. इयॉन, मारिया, गेओर्गे असतं तर मी खांदे उडवून बाहेर पडलो असतो. पण माझ्या वडिलांचं नाव हारालांबिये होतं, आईचं फिलोफ्तेया होतं, आणि या सबंध बुखारेस्ट शहरात साठीच्या आतबाहेरचा पाम्फिल मी सोडून दुसरा असेल तर तो मला भेटलेला नाही. शाळेत मला त्या नावावरून पुरेसं छळलेलं आहे. एखाद्या आजोबांचं असेल म्हणावं तर आजोबा निस्तोर होते. एका ओळीत ही तीन नावं, याच क्रमानं, लिहू शकेल असं माणूस जगात एकच उरलं होतं. माझी बहीण स्मारांदा. तिनं माझ्या नावानं आंघोळ केली होती, आणि माझं नाव खुशाल दर शनिवारी सगळ्यांसमोर वाचून घेत होती.

तसं मनाला लावून घेण्यासारखं काय होतं? मी देवाला मानत नाही. निदान मानत नाही असं चाळीस वर्षं सांगत आलो आहे. तरीही आईची शिकवण आठवली. आमच्याकडं लहान मुलाला आधी हे शिकवतात: चिठ्ठीला दोन रकाने असतात, एक जिवंतांचा, एक निजलेल्यांचा. मेणबत्त्यांचे पत्र्याचे ट्रे बाहेर असतात तेही दोन, आणि जिवंताची मेणबत्ती मेलेल्यांच्या ट्रेमध्ये कधी लावायची नाही. एकदा, सहा वर्षांचा असताना, मी आईच्या नावाच्या मेणबत्तीचा ट्रे चुकवला होता. आईनं ती उपटून काढली, फुंकर न मारता बोटांनी विझवली, आणि घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. नंतर म्हणाली, "चुकून झालं तर देव समजून घेतो. मुद्दाम केलं तर माणूस वाळत जातं." मी त्या दिवशी चर्चच्या गर्दीत उभा राहून स्वतःच्या मनगटाकडं पाहिलं. मनगट खरंच बारीक झालं होतं. घड्याळाचा पट्टा मी गेल्या वर्षी एक भोक आत घेतला होता. माणूस साठीत वाळतोच, हे मला कळत होतं, पण कळून काही उपयोग होत नव्हता.

सगळं आटपल्यावर मी दाराशी मेणबत्त्या विकणाऱ्या आग्लायाबाईंकडं गेलो. त्या चिठ्ठ्या गोळा करून रबर लावत होत्या. "बाई," मी म्हटलं, "एका चिठ्ठीत चूक आहे." त्यांनी वर न बघता विचारलं, "कसली?" मी म्हटलं, "निजलेल्यांमध्ये एक माणूस जिवंत आहे." आता त्यांनी वर पाहिलं. "तुम्हाला काय ठाऊक?" "ठाऊक आहे." "नाव?" मी नाव सांगितलं. सांगताना स्वतःची चुगली केल्यासारखं वाटलं. त्यांनी बोटाला थुंकी लावून चिठ्ठ्या उलटल्या, एक बाहेर काढली आणि चष्मा कपाळावरून खाली घेतला. "ही होय. ही स्मारांदाबाईंची, पहाटेच देऊन गेल्या. पाम्फिलला आम्ही आठ वर्षं वाचतोय. कोणी तक्रार केली नाही." "त्याला ठाऊक नसेल." "मेलेल्याला कसं ठाऊक असणार?" त्या म्हणाल्या, आणि आपल्याच बोलण्यावर समाधान पावून चिठ्ठी माझ्यापुढं धरली. अक्षर तिचंच, 'फ'ला खाली शेपूट काढणारं. उजवीकडं निजलेले तिघं. डावीकडं जिवंतांचा रकाना कोरा होता. स्वतःचं नावही तिनं तिथं लिहिलं नव्हतं.

त्या कोऱ्या रकान्यानं मला जास्त बेचैन केलं. बाहेर आलो तर ऊन चढलं होतं. चर्चच्या चारी बाजूंनी दहामजली इमारती, वाळत घातलेल्या चादरी, बाल्कन्यांतले जुने फ्रिज. हमरस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला इथं मागं चर्च आहे याचा पत्ताही लागत नाही. तसंच ठरलं होतं. सरकारातल्या वरच्यांना हा नवा हमरस्ता, बुलेव्हार, सरळ हवा होता, आणि त्या सरळ रेषेत अख्खे मोहल्लेच्या मोहल्ले होते: साबणकऱ्यांचे, पत्रेवाल्यांचे, अंगणं, अक्रोडाची झाडं, कोंबड्या, सगळं. चर्चही पडायचंच होतं. आमच्या साहेबांनी पाडू नका, सरकवू म्हणून सांगितलं आणि वरच्यांनी का कोण जाणे, हो म्हटलं. पायातून कापायचं, खाली काँक्रीटचा पाट घालायचा, जॅकवर उचलायचं आणि रुळांवरून ढकलत न्यायचं. एकशे चौऱ्याऐंशी मीटर. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि माझ्या ताब्यात थिओडोलाइट, म्हणजे आखणीची दुर्बीण, होता. चर्च कुठल्या रेषेनं जाईल ते मी आखायचं. एखाद्या जिवंत माणसाला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी याहून जास्त काही मिळू शकतं असं मला तेव्हा वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नंतरही फारसं वाटलेलं नाही. नोव्हेंबरच्या थंडीत ते दगडाचं धूड दिवसाला दहा-बारा मीटर सरकायचं. म्हाताऱ्या शेजारून क्रूस करत चालायच्या. आत कोणीतरी समई तेवत ठेवली होती, ती विझली नाही. ती विझली नाही हे पुढं मी किती जणांना सांगितलं असेल त्याला गणतीच नाही.

ट्राममध्ये बसलो तेव्हा मी तिच्याकडं निघालो आहे हे मला कळलं. त्याआधी मी फक्त चालत होतो. ट्राममध्येही बायका वाडगे मांडीवर धरून बसल्या होत्या. एकीनं माझ्याकडं पाहून वाडगा पुढं केला, "घ्या, माझ्या नवऱ्याच्या नावानं." मी हात मागं घेतला. कोणी दिलं तर नाही म्हणू नये, घ्यावं आणि 'बोगदाप्रोस्ते' म्हणावं, देव त्याला क्षमा करो, इतकं सोपं असतं ते. पण त्या वेळी मला कुणा मेलेल्याचं काही नको होतं. बाई दुखावल्या. शेजारणीला म्हणाल्या, "हल्लीची माणसं मेलेल्यांशीसुद्धा तुटून वागतात." हल्लीचा मी साठ वर्षांचा होतो. मी खिडकीबाहेर बघत राहिलो आणि मनातल्या मनात स्मारांदाला काय विचारायचं त्याची उजळणी करत राहिलो. चूक झाली का तुझी? रकाना चुकला का? चुकला असेल तर मी हसून परत फिरणार होतो. मुद्दाम लिहिलं असेल तर काय करायचं, ते काही केल्या ठरत नव्हतं.

अकरा वर्षं आम्ही बोललो नव्हतो. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, भांडणाला निदान तोंड-शेपूट असतं. झालं इतकंच की कुठल्याशा वाहिनीची माणसं आली, चर्च हलवल्याला वीस वर्षं झाली म्हणून. त्यांनी मला चर्चसमोर उभं केलं, कोट नीट करायला सांगितला. मी समईचं सांगितलं, जॅकचं सांगितलं. मग त्या मुलीनं विचारलं, एखादी हृद्य आठवण? आणि मी आवाज खाली आणून, अगदी ठरवून खाली आणून म्हणालो, "ही रेषा माझ्या आईच्या स्वयंपाकघरातून जात होती. तिथली आखणीची खुंटी मीच ठोकली." त्या मुलीचे डोळे भरून आले. मला बरं वाटलं. त्या संध्याकाळी स्मारांदाचा फोन आला. "तुला आधीपासून माहीत होतं?" मी म्हटलं, "दहा दिवस आधी. सांगायची बंदी होती." ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला. बस्स. मी दुसऱ्या दिवशी करीन म्हटलं, मग आठवडाभरानं करीन म्हटलं, मग तिनं का करू नये म्हटलं. अबोला असाच वाढतो, त्याला खतपाणी लागत नाही.

दहा दिवस. घरच्यांना घर सोडायचा कागद आला तो अठ्ठेचाळीस तास आधी. अठ्ठेचाळीस तासांत आईनं काय काय केलं ते मी पाहिलेलं नाही, मी साइटवर होतो, झोपायला मजुरांच्या खोल्यांत. स्मारांदानं सांगितलेलं तेवढंच. आईनं लोणच्याच्या बरण्या शेजाऱ्यांत वाटल्या, आणि शेजाऱ्यांनी घेतल्या, कारण त्यांना अजून कागद आला नव्हता. कोंबड्या कापल्या. कुत्रा मागं राहिला. नवीन फ्लॅट नवव्या मजल्यावर होता आणि इमारत अर्धवटच ताब्यात दिलेली, लिफ्टच्या जागी नुसतं भोक होतं, नळ्यांत ऊब दिवसातून तास-दोन तास. आई नऊ जिने दोनदा चढली. मग तिला खाली आणलं ते फेब्रुवारीत, चौघांनी. चर्च तोवर नव्या जागी टेकलं होतं, तसूभरही फरक न पडता. मी आईच्या पेटीमागून चालताना, देवा शप्पथ सांगतो, जिन्याच्या वळणावर पेटी कितीत बसेल त्याचा हिशोब करत होतो. माणसाचा धंदा त्याला कुठंही सोडत नाही.

त्या जिन्यानं मी पुन्हा वर चढायला लागलो. आता लिफ्ट आहे, पण तिच्यात वाडगेवाल्या दोघी उभ्या होत्या आणि मला त्यांच्यासोबत कोंडून घ्यायचं नव्हतं. आठव्या मजल्यावर धाप लागली. तिथं एक बुटका म्हातारा दाराबाहेर स्टुलावर बसून चेरी खात होता, बिया मुठीत जमवत होता. अंगावर निळ्या पट्ट्यांचा नवा शर्ट, घडीच्या रेघा तशाच, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. "बसा," तो म्हणाला, "इथं सगळेच बसतात. कुणाकडं?"

"नवव्यावर. स्मारांदाबाईंकडं."

"आज त्यांचा मोठा दिवस. घ्या चेरी. देवमाणूस आहे बाई. भाऊ गेला त्यांचा, त्याच्या नावानं दर वर्षी मला वाडगा आणि शर्ट. हा यंदाचा." त्यानं बाही झटकून दाखवली. "लांब पडतो. उंच असावा गडी. मी त्यांना म्हटलं, माझ्या मापाचा आणा की. तर म्हणतात, तानासेकाका, शर्ट तुमच्या अंगात असला तरी घालणारा तो आहे."

मी चेरी हातात घेतली. तोंडात घालवेना. "मग तुम्ही काय करता?"

"काय करणार? घालतो. रोज सकाळी गुंड्या लावताना म्हणतो, देवा, त्या पाम्फिलनं काय केलं असेल-नसेल ते माफ कर. फुकटचं घालायचं म्हणजे एवढं तर केलं पाहिजे." त्यानं माझ्याकडं निरखून पाहिलं. "ओळखायचात काय त्याला?"

"थोडंफार."

"कसा होता माणूस?"

"मोजमापाचा होता," मी म्हटलं.

"हां," तो म्हणाला, जणू हे उत्तर त्याला अपेक्षितच होतं, आणि बी मुठीत थुंकली. आठ वर्षं हा परका म्हातारा रोज सकाळी माझ्यासाठी क्षमा मागत होता. मी स्वतः एकदाही मागितली नव्हती. आणि कशाबद्दल मागायची ते तर त्यालाच काय, वरती राहणाऱ्या तिलाही ठाऊक नव्हतं. खरी गोष्ट दहा दिवसांची नव्हतीच. मी उठलो. उरलेल्या पायऱ्या अठरा होत्या.

दार तिनंच उघडलं. केस पार पांढरे झाले होते, एप्रनला पीठ लागलं होतं. ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आनंदही नव्हता, हिशोब लागत नसल्यासारखं काहीतरी होतं. मग म्हणाली, "आत ये आणि दार लाव. खिडकी उघडी आहे, वारा लागेल." वाऱ्याच्या झोतानं मान धरते, डोकं धरते, माणूस मरतंसुद्धा, ही आईची समजूत तिनं जशीच्या तशी ठेवली होती. मी दार लावलं. स्वयंपाकघरात गेलो. टेबलावर दोन वाडगे होते, झाकलेले. तिसरा खाली तानासेकडं पोचला होता.

"चर्चमध्ये होतो," मी म्हटलं. "नावं ऐकली."

ती पुढ्यातल्या चेरींच्या बिया काढायला लागली. "तू कधीपासून नावं ऐकायला लागलास?"

"रकाना चुकला होता का?"

"नाही."

एवढं सरळ उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. ट्राममधली सगळी उजळणी फुकट गेली. मी खुर्ची ओढून बसलो. "म्हणजे मी तुला मेलो?" मी म्हटलं, आणि माझा आवाज मला आवडला नाही, तक्रार करणाऱ्या मुलाचा होता तो.

"आधी तीन वर्षं जिवंतांत लिहीत होते," ती म्हणाली. बोलताना हात थांबत नव्हते. "दर शनिवारी. आणि दर शनिवारी लिहिताना इतका संताप यायचा की पेन कागदातून आरपार जायचं. जुने फादर होते तेव्हा, ते म्हणाले, बाई, भावाशी अबोला धरून प्रसाद घ्यायला येऊ नकोस, आधी त्याच्याकडं जा. मी म्हटलं, भाऊ नाही मला. गेला. तोंडातून निघून गेलं. तर ते बिचारे हळहळले, म्हणाले, मग निजलेल्यांत लिही, पोरी, इतकी वर्षं बोलली का नाहीस? लिहिलं. काय सांगू तुला, पाम्फिल, पेन इतकं हलकं चाललं. घरी येऊन तुझ्यासाठी रडले. आईसाठी एवढी रडले नव्हते. तुला चेरी आवडायच्या, ते आठवलं. तू शाळेत जाताना माझं दप्तर उचलायचास, ते आठवलं. जिवंत होतास तेव्हा यातलं काही आठवत नव्हतं."

मला हसू आलं. बरं तर, मी मनात म्हटलं, मेलेला का होईना, मी इथं आठ वर्षं लाडका होतो. चेरी, शर्ट, मेणबत्ती. मला फक्त उठायचं होतं, तिच्या कपाळाला ओठ लावायचे होते आणि निघून जायचं होतं. तिनं मला तसंच ठेवलं असतं. पुढच्या वर्षी तानासेला आणखी एक शर्ट मिळाला असता. उरलेलं आयुष्य मी महिन्यातून एकदा काच बघितली असती आणि नावं वाचायच्या वेळेला बाहेर थांबलो असतो. मी उठलोसुद्धा. आणि उभा राहिल्यावर तोंडातून निघालं ते भलतंच.

"दुसरी रेषा होती," मी म्हणालो.

तिला कळलं नाही. मी सांगायला लागलो आणि मग थांबता येईना. रेषा दोन निघत होत्या. एक आमच्या स्वयंपाकघरातून, एक पत्रेवाल्या ग्रिगोरेच्या अंगणातून. ग्रिगोरेच्या अंगणाखाली जुनं तळघर होतं, ते भरायला हवं होतं, आठवडाभर जास्त लागला असता. मागितला असता तर तो आठवडा मिळाला असता. साहेबांनी दोन्ही नकाशे समोर ठेवून विचारलं होतं, "पोरा, कुठली?" आमचं घर त्यात आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी एका दमात पहिली सांगितली होती. साहेब वारले. ही गोष्ट जगात आता मला एकट्यालाच ठाऊक होती.

तिचे हात थांबले. चेरीच्या रसानं मनगटापर्यंत लाल झाले होते ते. "ग्रिगोरेचं घर कधी पाडलं?"

"पाडणार सगळंच होते, स्मारांदा. सगळा मोहल्लाच..."

"कधी पाडलं विचारते."

"एप्रिलमध्ये. हिवाळा सरल्यावर."

ती बोटांवर मोजत नव्हती, पण मोजत होती. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. ग्रिगोरेची आई पुढं नव्वदीपर्यंत जगली, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तिच्या नव्वदीला स्मारांदा केक घेऊन गेली होती. "का?" तिनं विचारलं, इतक्या हळू की मला ओठांवरून समजलं.

"लोक म्हणाले असते, दुर्बीण हातात होती म्हणून स्वतःचं घर वाचवलं."

"लोक," ती म्हणाली. "कुठले लोक? सगळ्यांना तर शेवटी उचलूनच फेकलं."

मी सचोटीचा माणूस आहे असं मला स्वतःबद्दल वाटायला हवं होतं, आणि त्यासाठी हाताशी जे होतं ते मी वापरलं, आईचं घर वापरलं. हे मी तिला अशाच शब्दांत सांगितलं. सांगून हलकं वाटेल अशी एक आशा असते, तसं काही झालं नाही.

ती उठली. नळाखाली हात धुतले, बराच वेळ धुतले, एप्रनला पुसले. ड्रॉवरमधून उद्याच्या पेन्टेकॉस्टसाठी घेऊन ठेवलेली कोरी चिठ्ठी काढली आणि उभ्यानंच टेबलावर वाकून लिहायला लागली. हारालांबिये, फिलोफ्तेया, उजवीकडं. मग पेन डावीकडं गेलं. ती माझं नाव लिहीत होती तेव्हा टेबल हलत होतं. शेवटच्या अक्षराला कागद फाटला.

"आठ वर्षं तू माझा चांगला भाऊ होतास," ती म्हणाली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि तो चेहरा मी ओळखला, लहानपणी मला बडवून काढायच्या आधी असाच व्हायचा. "आता तुला त्यांच्यात ठेवता येणार नाही. मेलेल्याला शिव्या देत नाहीत. आणि मला द्यायच्या आहेत, खूप द्यायच्या आहेत. आत्ता तोंडातून शब्द फुटत नाहीये. आत्ता जा."

मी दाराकडं गेलो. कडी मला उघडेना, तिनं मागून हात घालून उघडली. जिन्यात ऊन आलं होतं, खालून तानासेचं खोकणं ऐकू येत होतं. मी दोन पायऱ्या उतरलो तेव्हा ती म्हणाली, "उद्या ये. प्रार्थना झाल्यावर, बाराला. जेवायला नाही."

"येतो."

"आणि पाम्फिल," ती म्हणाली, "तोवर मरू नकोस."